चाचांचा रंगीत रोल

चूक माझी होती. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण पुढे लिहिताना मी कारणं सांगायला लागेन, हे मला ठाऊक आहे. एका माणसाचा छत्तीस फोटोंचा रंगीत रोल मी ब्लॅक अँड व्हाइटच्या रसायनात धुतला आणि त्यातले सगळे रंग घालवले. तेवढ्यावर थांबलो असतो तर त्याला नुसती चूक म्हणता आलं असतं. मी थांबलो नाही.

मी मूळचा अकोल्याचा. बहारीनमध्ये एकोणीस वर्षं झाली. अस्करजवळच्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात टेक्निशियन आहे. तापमान दाखवणारी यंत्रं खरं दाखवतात की नाही, ते तपासायचं माझं काम. राहायला उम्म अल हस्समला, चौथ्या मजल्यावर. बारा तासांची शिफ्ट करून आलं की बोलायचंही जिवावर येतं, आणि कॅमेरा डोळ्याला लावला की कुणाशी बोलावं लागत नाही. फिल्मचा नाद त्यातूनच लागला. शहराचे फोटो काळे-पांढरेच चांगले, असं माझं ठाम मत होतं आणि कुणी न विचारता मी ते सांगत असे.

तसं म्हणायला कारणं होती. इथलं आभाळ वर्षातले कितीतरी महिने धड निळं नसतं. धूळ आणि दमटपणा मिळून ते दुधाळ होतं. रंगीत फिल्मवर ते मळक्या चादरीसारखं उतरतं आणि काचेचे टॉवर त्यात विरघळून जातात. ब्लॅक अँड व्हाइटला लाल फिल्टर लावला की धुरकटपणा बराच कापला जातो, असेल नसेल ती निळाई गडद होते आणि टॉवरची कड आखून काढल्यासारखी उठते. मग भर दुपारच्या उन्हातही फोटो मिळतो. रंगीत फिल्मला मात्र हिवाळ्यातली संध्याकाळ लागते, सूर्य खाली गेल्यावरची थोडीशी वेळ. मला तेवढी वाट बघायचा कंटाळा होता, हेही खरं.

ज्यांचा रोल मी घालवला ते रंगारी होते. रायगडचे, म्हसळ्याकडच्या एका गावचे, कोकणी मुसलमान, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. मी त्यांना चाचा म्हणायचो, ते मला साहेब. मी साहेब नाही, असं दोनदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. आमच्या इमारतीचा जिना रंगवायला त्यांच्या कंपनीची माणसं आली होती. मी गच्चीवर तिपाई लावून लांबचे टॉवर टिपत होतो आणि ते डबा खायला वर आले.

"काय काढताव साहेब?"

"शहर. ते उंच टॉवर दिसतात ना, ते."

त्यांनी घास तोंडात धरूनच तिकडे पाहिलं. "त्यात माझा काय नाय. काच हाय सगळी. काचेला सोताचा रंग नसतो, आभाळाचा घेते." मग बोट खाली आणलं, टॉवरच्या अलीकडे दाटीनं उभ्या असलेल्या चार-पाच मजली इमारतींवर. "ती फिकी पिवळी दिसते, ती माझी. तिच्या मागची विटेच्या रंगाची, ती पण माझी. माहूजला बाल्कनीच्या खाली हिरवी पट्टी हाय, ती बघितलीव? ती तीनदा केली. मालकाला पसंतच पडेना."

सव्वीस वर्षं ते दोरांना टांगलेल्या पाळण्यात बसून मनाम्याच्या भिंती रंगवत होते. ज्या इमारती मी टॉवर नीट दिसावेत म्हणून चौकटीबाहेर ठेवत होतो, त्या त्यांच्या होत्या.

पुढे ते शुक्रवारी घरी येऊ लागले. बायकोशी त्यांचं माझ्यापेक्षा जास्त जमलं, कारण दोघांनाही बोलायला आवडायचं. ती वऱ्हाडी बोलायची, ते कोकणी, आणि दोघं एकमेकांच्या बोलण्याला हसायची. माझे फोटो बघून ते एकदा म्हणाले, "साहेब, तुमचा शहर म्हणजे इद्दतीला बसलेली बाई. नवरा मेल्यासारखी. अंगावर रंगच नाय."

बायको म्हणाली, "घरातबी असेच राहतात चाचा. बोलतच नाहीत."

त्यांची नोकरी त्या जूनमध्ये संपणार होती. वय झालं, व्हिसा पुढे वाढणार नाही, असं कंपनीनं कळवलं होतं. जायच्या आधी त्यांना आपल्या इमारतींचे फोटो न्यायचे होते. "गावाला विचारतात, तिकडं इतकी वर्सं काय केलास? पैसा पाठवला तो खलास झाला. दाखवायला कायतरी पायजे ना." त्यांनी फोनवर काही फोटो काढले होते, पण फोनमध्ये त्यांचा फिका पिवळा लिंबासारखा भडक दिसत होता आणि त्यामुळे ते खट्टू होते. तो रंग त्यांनी मालकाच्या कानीकपाळी ओरडून फिका ठेवला होता.

तेव्हा मी म्हटलं, "फोन रंग चढवून दाखवतो चाचा. फिल्म त्यापेक्षा बरी. आहे त्याच्या जवळ जाते." माझा दुसरा कॅमेरा त्यांना दिला, त्यात रंगीत रोल भरून दिला, प्रकाश कसा मोजायचा ते शिकवलं. म्हणजे जो फोन त्यांचं काम थोडंफार तरी दाखवत होता, तो मीच त्यांच्या हातून बाजूला ठेवायला लावला.

फेब्रुवारीपासून आम्ही शुक्रवारी बाहेर पडायचो. ते जुम्म्याची नमाज पढून यायचे. मी म्हणायचो, यल्ला, चला, ऊन चांगलं आहे. ते म्हणायचे, "ऊन उतरू द्या. दुपारच्या उन्हात रंग मरतो." मग आम्ही गाडीत बसून राहायचो, एकाच इमारतीसमोर तासभर. मला कंटाळा यायचा. ते भिंतीकडे बघत बसायचे, आणि मग अचानक दार उघडून उतरायचे आणि एकच फोटो घ्यायचे. छत्तीस फोटो पुरवायचे म्हणून एका भिंतीला एकच. खिशातल्या छोट्या वहीत नंबर टाकून इमारत आणि रंग लिहायचे. एकदा मी त्यांच्याच शेजारी उभा राहून तीच चौकट माझ्या ब्लॅक अँड व्हाइटवर घेतली. म्हटलं, दोन्ही शेजारी लावून बघू, कोण जिंकतं. इथल्या मराठी मंडळींनी मे महिन्यात माझं एक छोटं भाषण ठेवलं होतं, शहराचे फोटो रंगीत फिल्मवर घ्यावेत की काळ्या-पांढऱ्या. मला त्यासाठी अशा जोड्या हव्या होत्या.

"जिंकनार तुमीच," चाचा म्हणाले. "बोलनार तुमी, माइक तुमच्या हातात."

दोन इमारतींना तेव्हाच परांच्या लागल्या होत्या. जुन्या भिंतींवर करड्या पत्र्याचं आवरण चढवायची इथे लाट आली आहे. चाचांनी त्या दोन इमारती आधी घेतल्या.

मेच्या मध्याला त्यांचा रोल संपला आणि मी तो काढून फ्रिजमध्ये ठेवला. रोल मी घरीच धुतो, बाथरूममध्ये. इथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की रंगीत रोलला लागतं तेवढं गरम पाणी गिझर न लावता नळाला येतं. ब्लॅक अँड व्हाइटचं उलट. त्याला पाणी गार लागतं, म्हणून मी बर्फ घालून ते वीस अंशांवर आणतो आणि बर्फ वितळायच्या आत काम उरकतो. त्या दिवशी सकाळी मी शिफ्टवरून आलो होतो, डोळे मिटत होते, आणि भाषण चार दिवसांवर होतं. फ्रिजच्या दारात माझे रोल असतात, डावीकडे काळे-पांढरे, उजवीकडे रंगीत, सगळे सारख्याच काळ्या डब्यांत. डावीकडचे दोन डबे उचलले आणि तसेच काळ्या पिशवीत घातले. ही पिशवी म्हणजे फिरती अंधारखोली. दोन्ही बाजूंनी हात घालून आत न बघता रोल गुंडाळायचा. पिशवीत घालण्याआधी डबा उघडून रोलवरचं नाव वाचायचं, हा नियम मी चार जणांना शिकवला आहे. त्या दिवशी मी डबे पिशवीच्या आत उघडले. बर्फ वितळत होता.

धुऊन झाल्यावर रोल धुवायच्या छोट्या टाकीतून पहिली पट्टी काढली. स्वच्छ, करडी, माझी. दुसरी काढली तर ती मातकट नारिंगी होती. रंगीत फिल्मची पाठ तशीच असते. चित्रं होती तिच्यावर, काळसर, दबलेली, पण इमारती ओळखू येत होत्या. फक्त रंग तयार व्हायची जी पायरी असते ती झालीच नव्हती. मी बाथरूमच्या फरशीवर बसलो. पुढे दोन आठवडे मी वाचत राहिलो, माझ्या जुन्या रंगीत फिल्मच्या एका तुकड्यावर प्रयोगही केले. काही लोकांनी असे रंग थोडेफार परत आणलेत म्हणे. माझ्या तुकड्यावर फक्त जांभळट चिखल आला. त्यांच्या पट्टीला हात लावायची हिंमत झाली नाही.

त्या सकाळी पहिली गोष्ट मी काय केली असेल, तर बायकोला विचारलं, फ्रिज कुणी आवरला?

"अंडी माझी, फिल्म तुमची," ती म्हणाली. "माझ्या अंगावर नका ढकलू." पट्टी बघून तिला काही कळलं नसतं, पण माझं तोंड बघून कळलं. "चाचांचा हाये का तो?"

मी हो म्हटलं.

"मग आजच फोन करा. सांगून टाका."

मी म्हटलं, संध्याकाळी करतो. संध्याकाळी पट्टी स्कॅन करून बघत बसलो. फोटो चांगले होते. हेच वाईट झालं. त्यांनी इतकी वाट बघून घेतलेला प्रकाश होता, भिंतीवर तिरपा, मऊ. रंग गेल्यावरही तो उरला होता. मागे टॉवर फिकट, पुढे जुन्या इमारती, गच्च्यांवरच्या टाक्या, डिश अँटेना. मला सुचायच्या नाहीत अशा चौकटी. आणि बघता बघता माझ्या मनात एक वाक्य तयार झालं, की मी हे मुद्दाम केलं.

दुसऱ्या दिवशी चाचा आले. मी प्रिंट टेबलावर मांडले आणि ते वाक्य बोललो. म्हटलं, तुमचे फोटो बघून मला वाटलं यांना रंगाची गरज नाही. मी मुद्दाम ब्लॅक अँड व्हाइटमध्ये धुतले. रंगात इथली धूळ दिसते. यात आकार दिसतो. बायको ओट्यापाशी उभी होती. तिनं गॅस बंद केला आणि आत निघून गेली.

ते एकेक प्रिंट उचलून बघत होते. वही काढली, नंबर जुळवले. माहूजच्या इमारतीवर बराच वेळ थांबले.

"यात हिरवा कुठला?"

मी बोट ठेवलं. बाल्कनीखाली एक करडी पट्टी होती. वरची भिंतही करडी होती. दोन करड्यांत फारसा फरक नव्हता.

"असा," ते म्हणाले. मग प्रिंट खाली ठेवून, "तुमाला त्यातला कळतं, साहेब. चांगलाच केला असंल."

त्यांनी भांडण केलं असतं तर मी कदाचित खरं बोललो असतो. हे मी अजूनही स्वतःला सांगतो आणि ते खोटं आहे.

भाषणाला तीसेक माणसं होती. पडद्यावर माझे फोटो आणि चाचांचे फोटो शेजारी शेजारी होते, दोन्ही रंगाविना. तुलना करायला काही उरलंच नव्हतं. तेव्हा मी दुसरंच बोललो. म्हणालो, हा रोल रंगीत होता, पण मी तो जाणून-बुजून काळ्या-पांढऱ्या रसायनात धुतला, कारण शहराच्या बाबतीत रंग हा पुष्कळदा अडथळा असतो. रंग भिंतीच्या वरवरचा असतो, शहर त्याच्या आत असतं. हे बोलताना मला शेवटच्या रांगेत चाचा दिसत होते. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. सव्वीस वर्षं ज्यानं भिंतीच्या वरवरचं काम केलं, त्याच्यासमोर मी हे बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांनीही वाजवल्या. एक जण येऊन म्हणाला, असा प्रयोग करायला धाडस लागतं. मी थँक यू म्हटलं.

घरी येताना गाडीत बायको म्हणाली, "माणूस जाऊन राह्यला हो. अजून पंधरा दिवस आहेत." पंधरा दिवस गेले. एअरपोर्टवर मी त्यांची बॅग उचलली, त्यांनी मला मिठी मारली, प्रिंटचं पाकीट हातातल्या पिशवीत होतं.

त्यानंतर मी फारसे फोटो काढले नाहीत. कामावर जायचं, यायचं, झोपायचं. रंगीत रोल फ्रिजमध्ये दिसला की दार लावून टाकायचो. लोक अजून त्या भाषणाबद्दल बोलायचे.

पुढच्या वर्षी ईदला मी फोन केला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, गुडघे, पाऊस, नातवंडं. मग ते म्हणाले, "साहेब, एक विचारू? रागावू नका. तो रोल माझ्याच हातून बिघडला ना? मना वाटतं मी कायतरी उलटा दाबला, रंग नाय आला, आन तुमी मना वाईट वाटू नये म्हनून सांगितलाव, मुद्दाम केला."

मी म्हटलं, "नाही चाचा, तुमचं काही चुकलं नाही."

"तुमी तसंच म्हननार," ते हसून म्हणाले. "चांगलं मन हाय तुमचं."

कुणाचं चुकलं, हे मी तेव्हाही सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की वर्षभर तो माणूस मला दयाळू समजत होता.

सुट्टी मंजूर करून घेतली. जायच्या आधी एका शुक्रवारी त्यांच्या इमारती शोधत फिरलो, रंगीत रोल घालून, ऊन उतरायची वाट बघत. फिकी पिवळी पत्र्याखाली गेली होती. माहूजची हिरवी पट्टी पांढरी झाली होती. विटेच्या रंगाची आणि आणखी चार उरल्या होत्या. त्यांचे फोटो घेतले. या वेळी रोल धुण्याआधी नाव तीनदा वाचलं. पाच प्रिंट पाकिटात घातले आणि ठरवलं, हे द्यायचे, म्हणजे झालं. बायकोनं पाकीट पाहिलं आणि विचारलं, "आणि तोंडानं काय सांगणार?" मी म्हटलं, बघू.

मुंबईला उतरून अकोल्याला जायच्या आधी मी म्हसळ्याला गेलो. चाचा पडवीत बसले होते, बारीक झाले होते. चाचींनी चहा आणला, तांदळाची भाकरी आणि सुकी मच्छी खाल्ल्याशिवाय जायचं नाही असं बजावलं. त्यांचा जावई होता, त्यानं पाकिटातले पाच फोटो बघितले आणि ओरडून सासूला बोलावलं, "हे बघा, साहेबांनी काढले तर रंग आला." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "अब्बांचे फोटो बघितलेव तुमी? सव्वीस वर्सं रंग मारला आन फोटोत रंगच नाय आला. आमी त्यांना चिडवतो, तिकडं चुना मारत होतेव काय?"

सगळे हसले. चाचाही हसले. म्हणाले, "मना कॅमेरा येत नव्हता रे. साहेबांनी किती शिकवला. माझाच हात."

त्यांनी ते सहज म्हटलं, कितीतरी वेळा म्हटलेलं वाक्य म्हणावं तसं. पाच फोटो चाचींच्या हातात होते. मला वाटलं, आता गप्प बसलो तर या घरात हे कायमचं असंच राहील, मी गेल्यावरही आणि ते गेल्यावरही. जावयाला म्हटलं, जरा थांबा. चाचींनाही बसायला सांगितलं.

"चाचा, तुमच्या हातून काही बिघडलं नव्हतं. तुमचे छत्तीसही फोटो बरोबर होते. रोल मी घालवला. नाव न बघता चुकीच्या रसायनात धुतला, घाईत. रंग त्यामुळे गेले. मुद्दाम केलं म्हणालो ते खोटं होतं. त्या भाषणात सगळ्यांसमोर बोललो तेही खोटं, आणि तुम्ही तिथे बसला होतात हे मला दिसत होतं. ईदला तुम्ही सरळ विचारलंत तेव्हाही मी सांगितलं नाही. तुमचं काम होतं त्यात, आता ते भिंतींवरही नाही, आणि मला ते परत आणता येत नाही. तुम्ही इतके दिवस स्वतःवर घेतलंत, ते माझं आहे. मला माफ करा."